उन्हातून बाजूला व्हा

“अहो, उन्हातून बाजूला व्हा ना!”

आमची ओळख झाली ती या वाक्याने. थंडी नुकतीच पडायला लागली होती. औषधांच्या दुकानात कामाला जाताना मी दलदलीवरच्या लाकडी पुलावरून चालले होते. लव्हाळ्यांना घासून जाताना एक गारठलेलं फुलपाखरू माझ्या स्वेटरच्या बाहीला चिकटलं. ऊन लागल्याशिवाय ते काही उडणार नव्हतं. आणि हे महाशय हातोडी घेऊन नेमके सूर्याच्या आड आलेले!

“म्हणजे ते उडेपर्यंत तुम्ही इथेच?”

“मग काय, झटकून टाकू?”

तो हसला... आणि सरकला.

पुलाच्या फळ्या बदलायचं काम त्याच्याकडे होतं. मग रोजच भेट व्हायला लागली. तो मला पाणकोंबडी लपलेली जागा दाखवायचा, मी त्याला मासा पकडणारा खंड्या. दुकानात उशीर व्हायचा तो वेगळाच.

“काय गं, रोज फुलपाखरंच बघतेस ना?” घरी मावशी डोळे मिचकावून विचारायची. मी वरवर चिडायचे, आतून मात्र गुदगुल्या व्हायच्या.

बघता बघता शेवटची फळी ठोकायचा दिवस उजाडला. संध्याकाळच्या गाडीने तो आपल्या गावी परत जाणार होता. पुलाच्या देखरेखीची कायमची नोकरी त्याला देऊ केली होती, पण स्वारी अजून हो म्हणाली नव्हती. का, ते मला विचारायचं होतं. घरून निघताना जुळवलेली सगळी वाक्यं पुलावर पाऊल टाकताच पार गळाली.

लव्हाळ्यावर एक फुलपाखरू गारठून बसलं होतं. मी बोट पुढे केलं, ते हळूच चढलं. तो शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ झाला तरी पंख हलेनात. मग लक्षात आलं — माझ्या हातावर त्याचीच सावली होती.

“अहो, ऊन अडवताय तुम्ही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“ते उडालं की तुम्ही दुकानात जाल... आणि मी गाडीला.” तो हातोडीकडे बघत राहिला. “नोकरीला हो म्हणायचंय मला. पण रोज तुम्हाला नुसतं लांबून बघायचं... ते नाही जमणार. तुम्ही मला फार आवडता.”

मी बोट तसंच धरून ठेवलं.

“आधी बाजूला व्हा,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. तो सरकला. बोटावर ऊन आलं, पंख एकदा मिटले, उघडले... आणि फुलपाखरू लव्हाळ्यांवरून उडून गेलं.

तो खाली वाकून हत्यारं गोळा करायला लागला.

“उडालं ना ते?” मी विचारलं.

“हो.”

“मग मी गेले का?”

त्याने वर पाहिलं. मी त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी काढून घेतली.

“तूही जाऊ नकोस.”