अखंड तास

मोबाइल खाली ठेव रे अर्णव. ठेव म्हणतो ना! आणि इरावती, मघाशी गच्चीवर झोपायला जायचं म्हणत होतीस ना तू? आधी हे ऐक, मग खुशाल जा. कुठे वाचलेलं नाही सांगत. आपल्या सौमित्रच्या बाबतीत घडलंय, आणि सौमित्रला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो.

दोन हजार तेवीस साल. तेरा डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी सातला सौमित्र भोईवाड्यात गेला, आमच्या जुन्या चाळीच्या गच्चीची चावी आणायला. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली. माणसं भाड्याच्या जागांत पांगलेली, लाइट कापलेली. परळ-लालबागात एवढा काळोख दुसरीकडे कुठे मिळणार? वॉचमन नवा होता, त्याने काही न विचारता चावी दिली.

सौमित्र बँकेत नोकरीला, पण जीव सगळा आभाळात. उल्का मोजायचं वेड. त्याची रीत अशी, की एकाने चटईवर उताणं पडायचं आणि उल्का दिसली की ओरडायचं. दुसऱ्याने मागे बसून घड्याळातली वेळ सांगायची आणि वहीत लिहायची. पडलेल्याने आभाळावरून नजर काढायची नाही. मान वळवली की तास फुकट! मुंबईतून एक अखंड तास नोंदवून परदेशातल्या संस्थेला पाठवायचा, एवढाच त्याचा ध्यास. दोनदा तास मोडला होता. पहिल्यांदा फोन वाजला. दुसऱ्यांदा दीपकने ‘साप, साप’ करून याला उठवलं आणि पोट धरून हसत बसला.

हा दीपक म्हणजे सौमित्रचा शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याच्या बायकोचा, पद्मजाचा, एकुलता एक भाऊ. एक नंबरचा मस्करीखोर. लिहायला त्याच्याशिवाय येणार कोण? निघताना पद्मजा म्हणाली, "त्याला खोकला आहे हं. दोन वाजले की लगेच घरी आणून सोड."

"आणतो गं बाई," सौमित्र म्हणाला.

गच्चीवर गेल्यावर सौमित्रने दाराला आतून कडी घातली, वॉचमन मध्येच नको म्हणून. पाण्याच्या टाकीसमोर चटई टाकली. दीपक मागे, चार हातांवर, टॉर्चला लाल कागद गुंडाळून बसला. वहीत काही चुकलंच तर हाताशी असावं म्हणून सौमित्रने छातीवर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. ठोक्याला एक वाजता सुरुवात.

"उल्का!"

"एक वाजून चार."

"उल्का!"

"एक अकरा. साल्या, झोपून काम करतोस आणि मी इथे कुडकुडतोय!"

असं मजेत चाललं होतं. दीड वाजेपर्यंत नऊ झाल्या. मग दीपक हळूच म्हणाला, "सौम्या, जिन्यात कोणीतरी आहे रे."

"वॉचमन असेल. तू लिही."

"चार-पाच जण आहेत."

"यंदा नाही हं फसणार मी, दीपक."

मग दीपक म्हणाला, "अरे... हे आत कसे आले?"

सौमित्र हसला. तेवढ्यात वर एक रेघ ओढली गेली.

"उल्का!"

धप्.

ओल्या गादीवर काठी हाणावी तसा आवाज.

"टाइम बोल ना!"

"एक... एक चाळीस." आवाज बारीक झाला होता.

"काय आपटतोयस?"

पोरांनो, तेव्हा मान वळवायला काय जात होतं रे त्याचं? वीस मिनिटं राहिली होती ना! तिथेच घात झाला.

"उल्का!"

धप्. धप्.

"दीपक, टाइम?"

"मी चोर नाही..."

"काय?"

"मी चोर नाही हो... मी चोर नाही..."

"गप रे! तास बिघडवशील!"

पुन्हा धप्. या वेळी काहीतरी मोडलं, सुकं लाकूड मोडतं तसं. सौमित्रच्या गालावर थेंब उडाला. कोमट. दव असेल, म्हणाला मनात. दव कोमट असतं का रे कधी?...

"सौम्या... बघ ना... एकदा बघ..."

नाही बघितलं त्याने. तरी डोळे वर.

"उल्का!" आता तो रडत ओरडत होता.

धप्. धप्. धप्.

टाइम कोणी सांगितला नाही...

एक अठ्ठावन्नला आगीचा मोठा गोळा पडला. हिरवा. सगळी गच्ची उजळली. नजर आभाळातच, पण डोळ्याच्या कोपऱ्यात समोरची टाकी आली. टाकीवर सावल्या. दहा-बारा. सगळ्यांचे हात वर...

तेव्हा वळला तो.

कोणी नव्हतं. दीपक होता. तोंड ओळखू येत नव्हतं. शेजारी नळाचा गंजलेला लोखंडी पाइप पडलेला. आणि दाराची कडी आतून जशीच्या तशी.

सौमित्रने त्याला खांद्यावर टाकून तीन मजले उतरवलं. इस्पितळ पाच मिनिटांवर, पण दीपक जिन्यातच गेला.

पोलिसांनी धरलं सौमित्रलाच. दुसरं कोणाला धरणार? सुटला तो त्या रेकॉर्डिंगवर. त्याचा आवाज अगदी मोबाइलजवळ, एका जागेवरून. मार लांब, मागे. चटईवरून तो हललाच नाही, हे लहान पोरालाही कळलं असतं. पद्मजाने ते पूर्ण ऐकलं. "एकदा बघ," असं तिचा भाऊ म्हणतोय, आणि नवरा उल्का मोजतोय. ती उठली, माहेरी गेली. आजतागायत त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही.

आता एक सांगतो, जे मी कुणाला सांगितलं नाही. सत्त्याऐंशी साली त्याच गच्चीवर आमच्या चाळीने एक चोर पकडला होता. मारमार मारला. सकाळी कळलं, चोर नव्हता. कणकवलीहून कुणाकडे तरी आलेला पाहुणा, रात्री दार उघडलं नाही म्हणून वर झोपला होता बिचारा. पोलिसांना अख्खी चाळ म्हणाली, आम्ही बघितलं नाही. मीही तेच म्हणालो. मी तर दार लावून कानात बोटं घालून बसलो होतो. लाज वाटते आजही.

दीपकच्या तेराव्याला मी सौमित्रकडे गेलो. हात मांडीखाली दाबून बसला होता. म्हटलं, दाखव. दाखवेना. मीच ओढून उलटे केले.

दोन्ही तळहातांवर, बोटांच्या मुळाशी, फोड. फुटलेले. रेषारेषांत लोखंडाचा गंज भरलेला.

"काका," तो म्हणाला, "तेरा दिवस घासतोय..."