रडत गेलेलं कपाट

पायपेटी गेली हे कळलं, तो सुट्टीचा चौथा दिवस होता.

पिपाणीने वाचनालयाच्या मागच्या खोलीचं दार ढकललं, राणीची चाकाची खुर्ची आत घेतली आणि एकदम गप्प झाली. पिपाणी गप्प, म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं घडलेलं असणार!

मागून पिपाणीचा दादा आला. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. त्याने एक टाळी वाजवली आणि ऐकलं.

"खोली रिकामी आहे," तो म्हणाला. "पेटी कुठाय?"

भिंतीपाशी धुळीत चार चौकोनी ठसे होते. बाकी काही नव्हतं.

पायपेटी म्हणजे कपाटाएवढं वाद्य. खालच्या दोन फळ्या पायांनी दाबायच्या, की आतला भाता हलतो. मग वरच्या पट्ट्यांवर बोटं फिरवली की सूर निघतात. पण राणीचे पाय चालत नव्हते. तिची खुर्ची पेटीपुढे लावली, की दुसऱ्या कुणाचे पाय तिथे मावत नव्हते. तेव्हा गाणं शिकवणाऱ्या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे शिंपीकाकांनी, डोकं चालवलं. त्यांनी फळ्या भात्यापासून सोडवल्या, भात्याला चिंध्यांचे पीळदार दोर बांधले आणि ते मागच्या बाजूने बाहेर काढले. राणी पुढे बसून बोटं चालवायची. दोर ओढायला बाईंनी दादाला निवडलं; तो मागे बसायचा. हवेचं खातं त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला 'हवालदार' म्हणायचे.

बाई मागच्या वर्षी वारल्या. शिंपीकाका त्यानंतर इकडे फिरकले नाहीत. मुलं मात्र येत राहिली.

"आलात का!" वाचनालयाचे व्यवस्थापक हसत आत आले. त्यांच्या हातात एक नवंकोरं खोकं होतं. "बघा काय आणलंय! विजेवर चालणारी पेटी!"

"आमची कुठंय?" राणीने विचारलं.

"ती नादुरुस्त होती गं. मी स्वतः बसून पाय मारले. हूं नाही की चूं नाही! काल मोडीत काढली."

"अहो, पण ती पायांनी वाजतच नाही!"

"पायपेटी पायांनी वाजत नाही? माझी फिरकी घेतेस होय!"

"कुणाला दिलीत?"

"आला होता एक हातगाडीवाला. नावगाव कोण विचारत बसतो? ते जाऊ दे. हिला बोट लावलं की वाजते. कुणाची मदत नको, काही नको!"

राणीने बोट लावलं. वाजलं. ती एक धून वाजवू लागली.

"छान आहे," हवालदार म्हणाला आणि जमिनीवर बसला.

वाजवता वाजवता राणीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मुठी मांडीवर मिटलेल्या होत्या आणि पुढे-मागे, पुढे-मागे होत होत्या. तो दोर ओढत होता. दोर नव्हताच.

राणीने बटण बंद केलं. "चला, शोधू या."

"कशाला?" हवालदार म्हणाला. "तुझं तर होतंय की आता. मी येत जाईन ऐकायला."

"ऐकायला? गाढवा, ही श्वासच घेत नाही! कुठे थांबायचं ते मला कोण सांगणार?"

हवालदार उठला. आपला चेहरा कुणाला दिसू नये असं त्याला वाटत होतं. पण तो दिसत होता.

बाहेर ऊन होतं. रस्ता पेंगत होता. दुकानांचे पडदे अर्धे खाली ओढलेले होते. पिपाणीने चार ठिकाणी विचारलं, "काल इथून कपाटासारखं काही गेलं का हो?" कुणी काही पाहिलं नव्हतं.

"दुपारचे सगळे झोपलेले असतात," हवालदार म्हणाला. "काय दिसलं ते नको विचारू. काय ऐकू आलं ते विचार. आपल्या पेटीची एक पट्टी कायम दबलेली असते ना? जरा हवा मिळाली की ती सुरू होते."

फळवाली डोळे चोळत म्हणाली, "ऐकलं की! कुणाची तरी शेळी रडत गेली."

"शेळी कसली!" समोरचा सायकलवाला म्हणाला. "कुणीतरी पंप मारत होतं. खड्डा आला की ऊंऽऽ! खड्डा आला की ऊंऽऽ!"

"तीच!" तिघंही ओरडली.

खड्डे कुठे कुठे आहेत ते राणीच्या चाकांना पाठ होतं. ती पुढे आणि दोघं मागे, खड्ड्याखड्ड्यापाशी विचारत, अशी वरात उताराच्या तोंडाशी पोचली. तिथे शिंपीकाकांचं दुकान होतं. ते मशीनवर वाकले होते.

"काका, काल दुपारी इथून काही रडत गेलं का?" राणीने विचारलं.

मशीन थांबलं.

"तुम्हालापण ऐकू आलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आम्ही नव्हतो इथे. पण आमची पेटी कुणीतरी नेलीये!"

शिंपीकाकांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मला तो आवाज रोजच येतो. तुमच्या बाई गेल्यापासून. कधी पाणी भरताना, कधी कापड बेतताना. काल जरा जवळून आला. म्हटलं, मनाचे खेळ. मी मानही वर केली नाही."

ते उठले. गळ्यातली मोजपट्टी गळ्यातच राहिली. "उताराने खाली गेला आवाज. तिकडे जुनं लाकूड घेणारा एकच मिस्त्री आहे. चला!"

मिस्त्रीच्या कारखान्यात भुसा तरंगत होता. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तो सोन्यासारखा दिसत होता. मधोमध त्यांची पेटी उभी होती. तिची मागची फळी काढून टेबलावर ठेवली होती आणि त्या फळीचे दोन तुकडे झाले होते. मिस्त्रीच्या हातात करवत होती.

"थांबा!" पिपाणी किंचाळली. "काय करताय?"

"चपलांचं कपाट. लाकूड फार चांगलं आहे. वीस जोड सहज मावतील."

"बाईंच्या पेटीत चपला!"

"अगं, मेलेली आहे ही. मी दोनदा पाय मारून पाहिले."

राणीने पिपाणीकडे पाहिलं. पिपाणीचे डोळे चमकले. "मिस्त्रीकाका, पाय न लावता आम्ही ती वाजवून दाखवली तर?"

मिस्त्री हसला. "पाय न लावता? तर मी स्वतः हातगाडीवर घालून परत पोचवीन!"

"शब्द?"

"शब्द!"

पण दोर कुठे होते? कोपऱ्यातल्या हातगाडीच्या दांड्याला! मिस्त्रीच्या हातगाडीवाल्याने त्याच दोरांनी पेटी गाडीला बांधली होती. प्रत्येक खड्ड्याला दोर ताणले जात होते आणि पेटी रडत होती. उतरवताना मिस्त्रीने ते सरळ कापले होते. एक तर फारच आखूड उरला होता.

शिंपीकाका गुडघ्यांवर बसले. त्यांनी गळ्यातली मोजपट्टी दुहेरी केली, आखूड दोराला गाठ मारून जोडली आणि दोन्ही दोरांची टोकं हवालदाराच्या हातात दिली.

"ओढ," ते म्हणाले.

राणीची खुर्ची पुढे लागली. हवालदाराने पेटीला कान लावला आणि दोर ओढले. ऊंऽऽ! राणीने अंगठ्याने दबलेली पट्टी उचलली. मग धून सुरू झाली.

मागची फळी नसल्यामुळे आतला भाता उघडा दिसत होता. तो फुगत होता, मिटत होता. झोपलेल्या मोठ्या जनावराचं पोट असावं तसा. प्रत्येक श्वासाला भुसा उडत होता आणि हळूहळू खाली बसत होता. मिस्त्रीच्या हातातली करवत तशीच राहिली. शिंपीकाका दाराबाहेर बघत होते.

एका जागी हवालदाराचे हात थांबले. त्याच क्षणी राणीचं बोटही उचललं गेलं. कोण कुणासाठी थांबलं, ते त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

मिस्त्रीने शब्द पाळला. संध्याकाळी हातगाडी वाचनालयासमोर उभी राहिली. व्यवस्थापक धावत बाहेर आले. मुलांनी वाजवलेली धून त्यांनी ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"मग मी पाय मारले तेव्हा का नाही वाजली?"

"तिची तुमच्या पायांशी ओळख नाही," पिपाणी म्हणाली.

सगळे हसले. व्यवस्थापकही हसले. "चुकलं माझं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. शाबास रे पोरांनो! डोळे उघडे ठेवून आम्हाला जमलं नाही, ते तुम्ही कानांनी केलंत."

शिंपीकाकांनी हवालदाराच्या डोक्यावर हात ठेवला. "तिने तुला बरोबर निवडलं होतं," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते नवे दोर घेऊन आले. आता रोज येतात आणि मागच्या बाजूला बसतात. तिथून भाता दिसतो. मिस्त्रीने नव्या फळीचं माप नेलं आहे, पण लवकर कर असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. पेटीची मागची फळी अजून बसवायची राहिली आहे.