झेंडूच्या पाकळ्यांनी लावला छडा

"अब्बा, माशांचं तळं बंद करू नका ना!" मेहनाज ओरडली.

शब्बीरचाचांनी रोहूचा तळलेला तुकडा ताटात परत ठेवला. "नाकाला लावून बघ. रॉकेलचा वास! ढाबेवाल्यानं सगळे मासे परत धाडले. माशांच्या खाद्यात शेवग्याचा पाला मिसळला अन् घात झाला. तुमची सुट्टी संपेस्तोवर वास गेला न्हाय, तर तळं बंद!"

दिवाळीच्या सुट्टीत जळकोटला आलेला मेहनाजचा मावसभाऊ सैफ म्हणाला, "शेवग्याची भाजी आपण पण खातो. तिला कुठं वास येतो?"

"तू कशाला खातोस? डाळीतला कढीपत्तासुद्धा वेचून काढतोस!" मेहनाज म्हणाली.

शेजारच्या शेतातली दीक्षा दोघांच्या भांडणात पडली नाही. तिनं पोत्यातली मूठभर पाल्याची भुकटी पाण्याच्या घमेल्यात टाकली. थोड्या वेळानं पाण्यावर रंगीत तवंग पसरला.

"तेल!" सैफ ओरडला. "पाल्यात तेल कुठून आलं?"

पाला वाळवून कुटायचं काम शिवानंदकाकांकडं होतं.

"काका, पाला कुठं वाळवता?" दीक्षानं विचारलं.

"कुठं म्हंजे? ओसरीत, सावलीत!" असं म्हणून काका आभाळाकडं बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षानं आपल्या शेतातल्या झेंडूच्या पाकळ्या काका वाळवायला नेणार होते त्या पाल्याच्या पाटीत खोल मिसळल्या. दुपारी तिघं काकांच्या ओसरीत गेली. तिथं फक्त एक कोंबडी झोपली होती!

"तेल गळतं ते ट्रकातनं!" दीक्षा म्हणाली आणि मुलं हायवेकडं निघाली. ट्रक थांबतात तिथं, तापलेल्या डांबरावर पाला पसरलेला होता आणि त्यात पिवळ्या पाकळ्या चमकत होत्या! बाजूच्या ट्रकखालून काळं तेल टपटप गळत होतं. कडुलिंबाखाली काका घोरत होते.

"काका, तुमची ओसरी लई लांब हाय की!" मेहनाज म्हणाली.

काका दचकून उठले. "अगं, सावलीत दोन दिस लागतात. डांबरावर एका दुपारी कडकडीत! जवारीबी आमी हितंच वाळवतो."

"अन् हे तेल माशांनी प्यायचं व्हय?"

काकांनी डोकं खाजवलं.

चाचांनी ती सगळी भुकटी फेकून दिली आणि तळ्याचं पाणी बदललं. नवा पाला ओसरीतच वाळला.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पुन्हा रोहू तळला. चाचांनी तुकडा नाकाला लावला, मग तोंडात टाकला. लगेच दुसराही उचलला.

"अब्बा, बोला की!"

"ढाबेवाल्याला फोन लाव," चाचा म्हणाले. "पोरांनो, मी पाल्याला दोष दिला. तुम्ही पाल्याची वाट शोधली. शाबास!"

तेवढ्यात शिवानंदकाका पाटी घेऊन आले. वर त्यांनी स्वतःच झेंडूचं फूल ठेवलं होतं.

"घ्या तपासून, साहेब!" ते म्हणाले. "ओसरीतनं आणलाय. कोंबडी साक्षीला हाय!"