सीटखाली फवारा मारू नये

तेलगावच्या अलीकडे, कालव्याच्या पुलावर, तो बंद मोटारसायकल ढकलत येत होता आणि राजनंदिनी स्कूटीवरून माजलगावला सामान आणायला निघाली होती. त्याच्या कॅरिअरला बर्फाची पेटी बांधलेली, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला... तिनं ब्रेक दाबला.

"काय झालं?"

"बटन दाबलं तर दिवासुदिक लागंना. पेटीत लसी हायेत. बर्फ विरघळला की फेकूनच द्यायच्या. तिकडं मेंढ्या घेऊन लोकं वाट बघायलेत."

डोळे छान आहेत याचे, असं तिच्या मनात आलं. पण पुढच्याच वाक्यानं सगळं बिघडलं.

"मागच्या आठवड्यातच वायरिंग करून घेतलं, रामकिसनमामाच्या दुकानात. त्यांची भाची करती म्हनं काम. पोरीच्या हातचं ते... दुसरं काय व्हनार!"

राजनंदिनीची कानशिलं तापली. ती भाची तीच होती! बीडच्या आयटीआयमधून शिकून आली होती आणि दोन वर्षं मामाच्या दुकानात मागच्या शेडमध्ये बसून वायरिंग करत होती. गिऱ्हाईक मात्र पुढं मामाशीच बोलून जायचं.

"हे अजून कुणाला सांगितलं?" तिनं आवाज ताब्यात ठेवून विचारलं.

"सकाळी एकदा अशीच बंद पडून आपसूक चालू झाली, तवा दुकान उघडलं नव्हतं. समोरच्या टपरीवर बोललो. चार मानसं होती."

"चारच?"

"आठ-धा असतील... कावून?"

तिनं डिक्कीतून हत्यारांची पिशवी काढली आणि त्याच्या गाडीची सीट उघडली.

"अवो, तुमाला जमतंय का?"

"बघा की."

वायरी जिथं एकमेकींना जोडतात तो प्लास्टिकचा कपलर तिनं खटका दाबून अलगद सोडवला. वायरीला हिसका दिला नाही. आतून पाण्याचे थेंब तिच्या तळव्यावर पडले. पिना हिरवट पडलेल्या, ग्रीस धुऊन गेलेलं, वरचं रबरी टोपण गायब.

"इथं पाणी कुणी मारलं?"

तो ओशाळला. "औषधाची बाटली फुटलती सीटखाली. लई वास मारायलता. मग वॉशिंगवाल्याकडं सीट उघडून... फवारा..."

तिनं सीट उलटी करून त्याच्या नाकासमोर धरली. खालच्या बाजूला पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं — इथे पाण्याचा फवारा मारू नये.

"आता सीटखाली लिहिल्यावर कोन वाचनार?"

"सीट उघडून फवारा मारणाऱ्यानं वाचायचं, म्हणून तर लिहिलं मी!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हंजी... तुमीच?"

"मीच ती पोरगी! पिना घासून, ग्रीस भरून, टोपण बसवून गाडी दिली होती मी. आणि मामाच्या हातून चूक झाली असती, तर पोराच्या हातचं काम म्हणाला असता का हो तुमी?"

त्यानं गळ्यातला टॉवेल काढला आणि बर्फाच्या पेटीवर आणि राजनंदिनीच्या डोक्यावर सावली धरून तो उभा राहिला. तिनं ब्रशनं पिना घासल्या, फुंकर मारून कोरड्या केल्या, ग्रीसचं बोट फिरवलं. कपलर खट्‌कन बसला. गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली.

"काय देऊ तुमाला?"

"माझं नाव परत द्या. ज्या टपरीवर घालवलं, तिथंच!"

संध्याकाळी पाच वाजता तो खरंच आला. टपरीच्या बाकड्यावर चढला. "ऐका हो! सकाळी मी बोललो ते साफ खोटं. गाडी माझ्याच गाढवपनानं बंद पडलती. काम एक नंबर हाय, त्या... त्या..." तो दुकानाकडे वळला. "अवो, नाव काय तुमचं?"

"राजनंदिनी!" ती रागातच ओरडली.

"राजनंदिनीबाईंचं! आन् मी उत्तरेश्वर, उमापूरचा!"

टपरी खदखदून हसली. त्याचे कान लाल झाले, पण बोलणं पुरं केल्याशिवाय तो खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी मामानं तिचं टेबल दुकानात पुढं आणून मांडलं.

मग तो दर शनिवारी यायचा. कपलर कसा साफ करायचा, ते शिकायला. दोन शनिवारांत शिकला, तरी यायचाच... ती रागवायची, तो हसायचा.

दिवाळीनंतर एका दुपारी मामा धावत दुकानात आला. "नंदे, घरी चल! उत्तरेश्वरची आई आलीय उमापूरहून. रतनबाई. तुला मागनी घालायला!"

ती तशीच निघाली, तळवे काळे, डोळ्यांत जाळ. उत्तरेश्वर घराबाहेर लिंबाखाली उभा होता.

"अख्ख्या घराला विचारलं! आणि मला?"

"आई म्हनली, रीत हाय..."

"आईचं राहू द्या. तुमचं काय?"

"माझं... त्या दिवशी पुलावर तुमी इतक्या चिडलात, पन हात कसे हळू चालत होते. मला तवाच... लई आवडलात तुमी."

"मग इतके महिने गप्प का?"

"भ्यालो."

"कुणाला?"

"तुमाला!"

तिला हसू फुटलं. तिनं ते मोठ्या कष्टानं आवरलं. "मग विचारा आता. मला."

"करताल का माझ्याशी लग्न?"

"करीन. पण दुकान सोडणार न्हाई."

"सोडा कोन म्हनतंय?" म्हणत तो आनंदानं दाराकडे धावला. तिनं काळ्या हातानंच त्याची बाही धरून त्याला मागं ओढलं.

"तुमी हितंच थांबा. तुमच्या आईला माझं उत्तर मी सांगणार!"

मनगटानं कपाळावरची बट मागं सारून ती आत गेली.