निळ्या जाळातल्या फळ्या

"आई, तुझं ते गेलं!" झुहैर अंगणातून ओरडला.

त्याची बहीण घिता धावत बाहेर आली. दुपारी प्रदर्शनात मांडायचं आईचं शिल्प जागेवर नव्हतं! गेल्या हिवाळ्यात बाबांची नाव फुटली. बाबा परतले नाहीत, लाटांनी नुसत्या फळ्या किनाऱ्यावर टाकल्या. आईने त्या वेचल्या, घासल्या, खुंट्या ठोकून एकीत एक गुंतवल्या. ना पक्षी, ना माणूस. नुसती एक झेप!

आई रिकाम्या भिंतीकडे बघत बसली. ते घिताला बघवेना.

"कोण नेणार ते? चोरसुद्धा आधी विचारील, हे आहे तरी काय?" झुहैर म्हणाला.

"गप रे! हातगाडीची चाकं उमटलीत बघ. रहालकाका कुठे गेले?"

काका मांसाचं मडकं घेऊन हमामच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघराच्या, भट्टीवर गेले होते. भट्टीवाल्याला जळण द्यावं, त्याने आपलं मडकं गरम राखेत पुरावं, ही गावची रीतच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि धूम ठोकली!

काका भट्टीपाशी ऐटीत चहा पीत होते. "ती अडगळ होय? खुंट्या उपटल्या, दिली जिलालीला! काय खडखडीत वाळलं होतं!"

"अहो काका, ते आईचं शिल्प होतं!"

"इथे आलेलं लाकूड परत जात नाही," म्हातारा भट्टीवाला जिलाली गुरगुरला. "आणि या ढिगात तुमचं कुठलं? सगळंच वाकडं!"

घिताने भट्टीत डोकावलं. पिवळ्या जाळात एक निळी जीभ लवलवत होती. किनाऱ्यावरच्या शेकोट्या तिने थोड्या का पाहिल्या होत्या!

"जिलालीबाबा, जाळ निळा का हो?" तिने भोळेपणाने विचारलं.

म्हाताऱ्याचा चहा सांडला. "समुद्राचं लाकूड! त्यातलं मीठ माझी तांब्याची कढई खाईल की! रहाल, गाढवा! उचला रे ते, आत्ता उचला!"

"पण ओळखायचं कसं?" झुहैर कुजबुजला.

"चाटून!"

"थू, कडू! हे ऑलिव्हचं... घिता, खारट! सापडली!"

एक फळी जळाली, बाकीच्या वाचल्या. घरी आईने खुंट्या ठोकून त्या पुन्हा गुंतवल्या.

"मला अडाण्याला काय कळतंय, वहिनी," काका दारातूनच पुटपुटले.

"डोळे मिटा, भाऊजी. हात ठेवा."

काकांचा हात फळीवरून सरकत एका खाचेत थांबला. "इथे... इथे जाळ्याचा दोर घासायचा दादाचा," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

मग नाक पुसून त्यांनी पोरांना जवळ ओढलं. "शाब्बास! माझ्यापेक्षा तुम्हाला अक्कल जास्त. चला प्रदर्शनाला, धरा दोन्हीकडून. आणि वाटेत कुणी धक्का लावला, तर गाठ माझ्याशी आहे!"