शेवटचं वाक्य स्ट्रूअनचं

तोंडं पाडून काय बसलात रे पोरांनो? आज तुमच्या नाटकाला कुत्रं फिरकलं नाही, म्हणून? चहा घ्या, आणि आयल्साची गोष्ट ऐका. उडत उडत ऐकलेली नाही. तिच्या बापाबरोबर मी ओबान बंदरात बोटीवर होतो, पोरीला डोळ्यांदेखत वाढलेली पाहिलीय. तिनं सांगितलं तसंच सांगतो.

दोन हजार चोवीस. चौदा ऑगस्ट, बुधवार. त्या दिवशी आयल्सा दुपारपासून एडिंबरच्या नाट्यमहोत्सवात, हाय स्ट्रीटवर, आपल्या नाटकाची पत्रकं वाटत उभी होती. शेजारी एकजण आगीचे गोळे उडवत होता, दुसरा गाढवाचं मुंडकं घालून गात होता. एकट्या बाईच्या दुःखी नाटकाचं पत्रक कोण घेणार? घेत होते तेही पुढच्या कोपऱ्यावर टाकून देत होते.

नाटक नवं कोरं, तिच्या थोरल्या भावानं, स्ट्रूअननं लिहिलेलं. आई गेल्यावर तिचं घर आवरायला आलेले बहीण-भाऊ, एवढीच गोष्ट. भावाचं काम तो स्वतः करणार होता. पण फेब्रुवारीत तो झोपेतच गेला. आपलं नाटक लोकांसमोर झालेलं त्याला एकदाही बघायला मिळालं नाही. तो सल पोरीच्या काळजात रुतून बसला होता. म्हणून तिनं त्याची वाक्यं काढली आणि रिकाम्या खुर्चीशी बोलत एकटीनं नाटक उभं केलं. शेवटचं वाक्यही त्याचंच होतं. ते मात्र तिला काढवेना, अन् स्वतःच्या तोंडून म्हणवेना. तिथे ती नुसती गप्प उभी राहायची आणि दिवे मालवायचे.

रात्री सव्वादहाला ती इथे, याच तळघरात आली. दारावर तिकिटं देणारा वॉटी होता.

"किती?" तिनं विचारलं.

"माझ्या सासूला आणलं असतं, तर एक. पण ती घरी घोरतेय."

"म्हणजे कुणीच नाही." आयल्सा पायरीवर बसली. "मग आज नको, वॉटी. उद्याही नको. सकाळच्या गाडीनं मी घरी जाते. बास झालं."

आपला रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. प्रेक्षक नसेल तर खेळ नाही. पण एक जरी असला, तर खेळ करायचाच.

तेवढ्यात दिवे सांभाळणारी मॉर्व्हन आतून आली. "आयल्सा, चल ना. तो माणूस ताटकळलाय."

"कुठला माणूस? मी कुणालाच तिकीट दिलं नाही," वॉटी म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा उजळला. "अगं पोरी, समीक्षक असणार! हे लोक कधी सांगून येतात का? मी चिप्स आणायला गेलो तेव्हा शिरला असेल. वही दिसली का गं?"

"शेवटच्या रांगेत बसलाय. अंधारात काय दिसणार?"

"समीक्षकच. हसला नाही तर नक्कीच. ऊठ, आयल्सा."

इथेच सगळे फसले. समीक्षकाला कुणी तिकीट विचारत नाही, नाव विचारत नाही, तोंडावर उजेड पाडत नाही. आयल्सा उठली. एका माणसानं चार ओळी छापल्या तरी स्ट्रूअनचं नाव कुठेतरी राहील, एवढंच तिच्या मनात होतं.

खेळ सुरू झाला. पाच-सात मिनिटं नेहमीसारखी गेली. मग आईच्या टोपीचा प्रसंग आला. तिथे स्ट्रूअनचा एक विनोद होता. तो तिनं कधीच काढून टाकला होता.

मागून कुणीतरी हसलं. बरोबर त्याच जागी.

तो विनोद आयल्सा आणि स्ट्रूअन, दोघांनाच माहीत होता. तिनं पुढचं वाक्य कसंबसं म्हटलं. थांबली. अंधारात कुणीतरी श्वास घेतला... उत्तर द्यायच्या आधी नट घेतो, तसा.

उत्तर आलं नाही.

ती बोलत राहिली. मागे बघायचं धाडस होईना. न बघताही राहवेना.

शेवट आला. ती नेहमीच्या जागी उभी राहिली. गप्प.

मॉर्व्हननं दिव्यांच्या बटणावर हात ठेवला. बटण दाबलं जाईना...

आणि मागून आवाज आला. हळू. थकलेला.

"तू हो पुढे, आयल्सा. दार मी लावतो."

तेच शेवटचं वाक्य. पण नाटकातल्या बहिणीचं नाव आयल्सा नाही, पोरांनो.

दिवे गेले. ती अंधारातच बाहेर आली. मॉर्व्हन तिच्या मागोमाग. दोघींच्या पाठीमागे दार लागलं. मग... कडी सरकल्याचा आवाज.

पुढच्या खेळाची मंडळी सामान घेऊन खोळंबली होती. वॉटीनं दार ठोकलं, हाका मारल्या. "अहो साहेब, उघडा." आत काही नाही. शेवटी बिजागऱ्या खोलून दार उतरवलं. खोलीला दुसरी वाट नाही, हे तुम्ही पाहताच आहात. आत कुणी नव्हतं.

आयल्सा जिन्यावर बसून हमसून हमसून रडली. भावाला मूठमाती देतानाही पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सकाळच्या गाडीनं ती गेली नाही. राहिलेले सगळे खेळ केले.

आणि ती कडी... जा, बत्ती घेऊन बघून या. या खोलीत कोळसा ठेवत तेव्हापासून ती मागे सरकलेलीच गंजून बसली होती. वर हिरव्या रंगाचे चार थर चढलेले. त्याआधी दोन सुतारांनी हातोडी मारली होती, हलली नव्हती. आता ती बाहेर आलेली आहे, चांगली चार बोटं. अजून तशीच.

रंगाला मात्र कुठेही तडा नाही.