लंगडीच्या नळीतलं रक्त

पहिल्याच भेटीत त्याने तिच्या गालाजवळ फाडकन टाळी वाजवली! ती ओरडणार, तोच त्याने तळहात उघडून दाखवला — चिरडलेला डास.

"माफ करा हं... पण आमच्या मेंढ्या आणि तुमचा गाल, दोन्ही याला आवडतात असं दिसतंय."

तो पाणथळीकाठचा कळप राखायचा. डासांचा ताप जनावरांत शिरला की आधी तिथे कळावा, म्हणून मुद्दाम ठेवलेला कळप. दर आठवड्याला तो मेंढ्यांच्या रक्ताच्या नळ्या आणायचा, प्रयोगशाळेत ती तपासायची. नळ्या द्यायला लागणारा वेळ मात्र वाढतच चालला होता...

आणि एकाएकी तो आत येईना. पेटी पायरीवर ठेवायची नि धुक्यात लांब उभं राहायचं. हाक मारली तर नुसता हात हलवायचा. तिच्या जिवाला चैन पडेना. मेलं बिनसलं तरी काय?

त्या दुपारी तिने प्लेटच्या इवल्याशा खाचांत नमुने घातले. तापाशी लढलेल्या रक्तात प्रतिपिंडं राहतात. ती असतील त्या खाचेत रंग चढत नाही. बघता बघता सगळ्या खाचा पिवळ्या झाल्या... एकच पाण्यासारखी राहिली. तिने नंबर पाहिला आणि अंगावर सर्रकन काटा आला.

लंगडीचा नंबर! ती मेंढी तर गेल्या महिन्यात तापाने मेली होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, असं त्यानेच सांगितलं होतं. मग हे ताजं रक्त कुणाचं? फ्रिजची घरघर मध्येच थांबली. बाहेर धुक्यात एक मेंढी बारीक ओरडली. नळी हातात धरून ती तशीच धावत फाटकाशी, तो उभा होता तिथे गेली.

"लंगडीच्या नळीत कुणाचं रक्त आहे?"

"जवळ येऊ नका!" तो मागे सरकला. चेहरा पांढराफटक. "...माझं. तिच्यामागोमाग मलाही ताप भरला. दवाखान्यात जायचा धीर होईना. म्हटलं, काय ते तुमच्याच तोंडून ऐकावं."

"आणि हे लांब लांब राहणं?"

"तुम्हाला काही झालं असतं तर... मला नसतं सहन झालं."

तिला रडू आलं नि रागही. असला कसला वेडा माणूस! "अहो, हा ताप डास पसरवतात, शेजारी उभी राहणारी माणसं नाही! थांबा इथेच."

आता एकच पाहायचं होतं. प्रतिपिंडं ताजी असतील, तर ताप अजून अंगात. जुनी असतील, तर येऊन गेलेला. दुसरी प्लेट लावून ती देवाचा धावा करत बसली. खिडकीबाहेर धुकं दाटलं, त्यात तो दिसेनासा झाला.

निकाल घेऊन ती बाहेर आली, तर फाटकाशी कुणीच नाही. तिने धुक्यात हाक मारली, "कुठे आहात?"

"इथेच... वाईट असलं तरी सांगा."

आवाजाच्या रोखाने ती चाचपडत गेली आणि त्याचा हात सापडला तसा घट्ट धरला. "येऊन गेला ताप! प्रतिपिंडं जुनीच आहेत सगळी. आजच डॉक्टरांना दाखवायचं, मी येते बरोबर. आणि पुन्हा मेलेल्या मेंढीच्या नावाने रक्त पाठवलंत, तर याद राखा. मला भेटायचं असेल तर सरळ भेटायला या."

"रोज आलो तर?"

"रोज कशाला?" तिने त्याचा हात सोडला नाही. "एकदाच ये... आमच्या घरी. आईबाबांना विचारायला."

धुक्यात त्याचा चेहरा काही दिसला नाही. पण तो रडतोय, हे तिला त्याच्या हातावरून कळलं.